जोडावरची पट्टी

मिस्त्रींनी उभा जन्म खोट्या वस्तू बनवल्या. खोटं बोलणं मात्र त्यांना कधी साधलं नाही. बायको म्हणायची, "तुमचे कान आधी लाल होतात आणि थाप नंतर बाहेर येते. कशाला तोंडाला त्रास देता?" तीस वर्षं त्यांनी नाटकांचे देखावे उभे केले होते. प्लायवूडचे किल्ले, कापडाच्या भिंती, थर्माकोलचे दगड, आणि एकदा तर दोन माणसांना उचलता येईल अशी आगगाडी. कामाचा त्यांचा एकच नियम होता, दहाव्या रांगेतून खरं दिसलं की झालं. पहिल्या रांगेतल्याला खिळा दिसला तर दिसू दे, तो बहुतेक नटाचा मेहुणा असतो आणि त्याने तिकीट काढलेलं नसतं.

मग दोन देशांचं बिनसलं. दोन्ही देश मोठे, इतके मोठे की एका टोकाला लोक चहा पीत असताना दुसऱ्या टोकाला अजून घोरत असतात. असल्या दांडग्यांचं कशावरून बिनसतं, हे मिस्त्रींना कधीच नीट कळलं नाही. वर्तमानपत्र वाचून तर गोंधळ वाढायचाच. इकडचे म्हणत, तिकडच्यांनी सरहद्दीवर तोफा आणल्या म्हणून आम्ही आणल्या. तिकडचे म्हणत, इकडच्यांनी आणल्या म्हणून आम्ही आणल्या. पहिली तोफ नेमकी कोणाची, याचा पत्ता दोन्हीकडच्या बातम्यांत नव्हता. मिस्त्री चष्मा पुसून पुन्हा वाचत, जणू तो मजकूर त्यांच्याच काचेवरच्या डागामुळे दिसत नव्हता.

नाट्यगृह सरकारने धान्य साठवायला घेतलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मिस्त्री घरी बसले. घरी बसलेला सुतार म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. दोन महिन्यांत त्यांनी सगळ्या खुर्च्यांचे पाय तासून सारखे केले, मग टेबलाचे केले, आणि ते पोळपाटाकडे वळणार एवढ्यात सैन्याच्या खात्याकडून बोलावणं आलं.

काम शहराबाहेर, रेल्वेच्या जुन्या गोदामात होतं. बाहेर पाटी होती, 'शेतीची अवजारे दुरुस्त करून मिळतील'. एकदा एक जण खरोखरच मोडका नांगर घेऊन आला, तेव्हा त्याला परत पाठवताना पहारेकऱ्याच्या नाकी नऊ आले. आत मिस्त्री आणि सहा कामगार खोट्या तोफा बनवत. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कॅनव्हास, पिंपाच्या झाकणांची चाकं, आणि वर मातकट हिरवा रंग. अशी तोफ चार माणसं गप्पा मारत उचलून नेत. नळी फार लांब असायची आणि तेवढ्या लांबीचं लाकूड मिळत नसे, म्हणून ती दोन तुकड्यांत करावी लागे. जोड दिसू नये म्हणून मिस्त्री त्यावर चार बोटं रुंद पिवळट पट्टी रंगवत. ही त्यांची जुनी युक्ती. जोड लपतच नसेल तर त्यावर नक्षी काढायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं ती मुद्दामच आहे.

देखरेखीला एक साहेब होते. त्यांना सगळे मागून 'मोजणीसाहेब' म्हणत. विमानातून काढलेले तिकडच्या सरहद्दीचे फोटो टेबलावर पसरून ते दिवसभर भिंगातून तोफा मोजत आणि प्रत्येकीवर लाल पेन्सिलीने ठिपका देत. माणूस वाईट नव्हता. फक्त मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा ते ओठांतल्या ओठांत मोजत चढत.

"मिस्त्री," पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुमचा प्रेक्षक आता आकाशात बसलाय. तिथून त्याला खरं वाटलं पाहिजे."

"म्हणजे दहावी रांग जरा लांब गेली, एवढंच," मिस्त्री म्हणाले.

पहिल्या बारा तोफा रवाना झाल्या. कुठे, ते सांगायचं नव्हतं. महिन्याभराने साहेब स्वतः चहा घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, तिकडच्यांना त्या खऱ्या वाटल्या. खात्रीची बातमी आहे." मिस्त्रींची छाती फुगली. तीस वर्षांत एकाही समीक्षकाने देखाव्याबद्दल एक ओळ लिहिली नव्हती, आणि इथे अख्खं सैन्य फसलं होतं.

"म्हणून त्यांनी वीस आणल्यात," साहेब पुढे म्हणाले. "आता आपल्याला तीस हव्यात."

"पण आपल्या बारा पाहून ते घाबरतील असं म्हणाला होतात ना?"

"घाबरलेच की. घाबरले म्हणून तर आणल्या."

"मग आपल्या तीस पाहून?"

"आणखी घाबरतील."

"आणि आणखी आणतील?"

साहेबांनी भिंग हातात घेतलं, काचेवर फुंकर मारली, परत ठेवलं. "चहा निवतोय तुमचा," ते म्हणाले.

मिस्त्री त्या दिवशी डोक्यात नुसती भुणभुण घेऊन घरी आले. दारावर नवं कोरं कुलूप होतं, जुन्याच्या शेजारी.

"हे दुसरं कशाला?" त्यांनी विचारलं.

"समोरच्यांनी दुसरं लावलंय," बायको म्हणाली. "चोरीबिरीचं काही ऐकलं असेल त्यांनी. उगाच कोण पैसे घालवतंय?"

"मग विचारायचं ना त्यांना."

"विचारलं. ती म्हणाली, तुम्ही जाळीचं दार बसवलंत, तेव्हा आम्हाला वाटलं तुम्हालाच काहीतरी कळलंय."

जाळीचं दार मिस्त्रींनी डासांसाठी बसवलं होतं. ते समजावून सांगायला ते समोर गेले. शेजाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हो हो म्हणाला, आणि आठवड्याभरात आतून अडसर बसवून घेतला. मिस्त्रींनी मग तो नाद सोडला.

त्यांची खरी काळजी वेगळीच होती. एकुलती एक मुलगी, बबी, सरहद्दीजवळच्या लहानशा गावात शाळामास्तरीण होती. दोन खोल्यांची शाळा, चाळीस मुलं, शेजारीच तिची राहायची खोली. बिनसल्यापासून आईबाप तिच्या मागे लागले होते, की बाई, ये इकडे, निवळलं की परत जा. ती म्हणायची, "मी आले तर ही चाळीस कुठे ठेवू? खिशात?" तिचा हट्ट बापावर गेला होता, आणि बायको हे दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची.

एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. आज स्वारी भलतीच खुशीत होती.

"बाबा, आमच्या शाळेमागच्या माळावर तुमचं नाटक लागलंय."

"कसलं नाटक?"

"वा, मला विचारता! परवा सकाळी खिडकी उघडली तर समोर तोफा. बारा होत्याच आधी लांब माळाच्या टोकाला, आता एकदम शाळेच्या कुंपणापर्यंत आल्यात. धाबंच दणाणलं माझं. म्हटलं आता मात्र निघायचं, बॅगसुद्धा भरली. आणि मग नळीवरची पट्टी दिसली." ती हसायला लागली. "जोडावरची पट्टी मी ओळखणार नाही? माझ्या पाळण्याच्या दांड्यावर होती ती! कपडे परत खुंटीला लावले आणि झक्कपैकी झोपले. तुमच्या हातच्या तोफांना मी कशाला घाबरू?"

मिस्त्रींच्या पायाखालची वाळू सरकली. ते "हं" म्हणाले, मग पुन्हा "हं" म्हणाले, आणि फोन ठेवला.

"येतेय का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही."

"का पण?"

याचं उत्तर द्यायचं तर गुपित फुटत होतं, आणि गुपित नसतं तरी कसं दिलं असतं? मुलगी निघाली होती आणि बापाच्या रंगाच्या ब्रशाने तिला थांबवलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांना त्या पट्टीचा राग आला, स्वतःचा आला, आणि खरं सांगायचं तर तिने पट्टी ओळखली याचा थोडा आनंदही झाला, त्याचाही मग राग आला.

दुसऱ्या दिवशी ते तडक साहेबांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, त्या शाळेजवळच्या तोफा हलवा. माझी मुलगी आहे तिथे."

तोफा कुठे आहेत हे मिस्त्रींना कसं कळलं, यावर साहेबांनी आधी दोन मिनिटं भुवया वर केल्या. मग म्हणाले, "पण मिस्त्री, त्या खोट्या आहेत. खोट्या तोफेची कसली भीती?"

"तिकडच्यांना ठाऊक नाही ना त्या खोट्या आहेत ते! उद्या खऱ्या समजून त्यांनी वरून काही टाकलं तर?"

"तर तुमचं काम यशस्वी झालं," साहेब म्हणाले. म्हणून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी फोटो उगाचच सरळ करून ठेवले. "मी वर लिहितो. पण जागा वरून ठरते."

वर म्हणजे कुठे, हे त्या गोदामात कोणालाच माहीत नव्हतं.

मग मिस्त्रींनी एक उपाय काढला. काम बिघडवायचं. इतकं वाईट करायचं की आकाशातल्या प्रेक्षकाला पहिल्या नजरेत कळावं, ही नुसती लाकडं आहेत, यांच्यावर दारूगोळा कशाला वाया घालवा. त्यांनी एक नळी मुद्दाम वाकडी बसवली. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "मिस्त्री, बरं नाही का आज?"  जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडून बसले. नजर सारखी त्या नळीकडे जात होती. शेवटी उठले आणि हात न धुताच ती सरळ करून आले. तीस वर्षांची सवय एका दुपारी मोडत नसते. शिवाय दुसराही एक विचार त्यांच्या डोक्यात घुसला होता. खोट्या ओळखू आल्या आणि तिकडच्यांना वाटलं की इथे कोणीच नाही, चला पुढे, तर? पुढे म्हणजे शाळाच. तोफ चांगली झाली तरी पोर धोक्यात, वाईट झाली तरी पोर धोक्यात. मिस्त्रींनी रंधा उचलला आणि पुढची नळी तासायला घेतली.

पंधरा दिवसांनी साहेबांनी त्यांना बोलावलं. टेबलावर एकच मोठा फोटो होता आणि साहेबांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मिस्त्री, तुमची नजर हवी. वरून एकच विचारतायत. टेकडीवरच्या त्यांच्या या बावन्न तोफा खऱ्या की खोट्या?"

"ते कळून काय करायचंय?"

"खोट्या असतील तर टेकडी रिकामी आहे. आठ दिवसांत आपलं सैन्य ती घेईल. रस्ता तुमच्या त्या शाळेवरूनच जातो."

मिस्त्रींनी भिंग डोळ्याला लावलं. पहिल्या तोफेवरच त्यांचा हात थबकला. नळीवर पट्टी होती. चार बोटं रुंद, बरोब्बर जोड यावा तिथे.

"पट्टी आहे," ते नकळत बोलून गेले.

"पट्टीचं काय घेऊन बसलात? आता तर आपल्या खऱ्या तोफांवरही तशीच रंगवतात, फरक कळू नये म्हणून. तेही रंगवत असतील. दुसरं काही सांगा."

दुसरंही दिसत होतं. पावसाचं पाणी साचून कॅनव्हास दोन फासळ्यांच्या मध्ये लोंबलं होतं. आणि मुख्य म्हणजे चाकोरी नव्हती. खरी तोफ लोखंडाची, हत्तीएवढी जड. ती ओल्या मातीतून ओढत नेली तर मागे चाकांची खोल वाट उमटायलाच हवी. इथे नुसती माणसांची पावलं होती, चार चार जणांची. बावन्नच्या बावन्न लाकडी. मिस्त्रींना एकदम हसू फुटायला आलं. तिकडेही कुठल्यातरी गोदामात कोणीतरी एक मिस्त्री बसला होता, त्यालाही लांब लाकूड मिळत नव्हतं, आणि त्यालाही जोडाची लाज वाटत होती. या माणसाला एकदा भेटून रंग चिकटून राहायला त्यात सरस किती घालता ते विचारावं, असं त्यांना फार वाटून गेलं.

"बोला मिस्त्री. खऱ्या की खोट्या?"

खोट्या म्हणावं, तर सैन्य बबीच्या दारातून लढाईला जाणार. खऱ्या म्हणावं, तर... तर इकडचे घाबरतील. घाबरले की गप्प बसतील. आपल्या तोफांनी तरी दुसरं काय करायचं होतं? याच हिशेबातली गोम त्यांनी स्वतः साहेबांना दाखवून दिली होती. पण तेव्हा ती बारा लाकडांची गोष्ट होती, आता पोटच्या पोरीची होती, आणि माणसाचं डोकं अशा वेळी त्याच्या कामाला येत नाही.

"खऱ्या," मिस्त्री म्हणाले.

"सगळ्या?"

"सगळ्या."

कान इतके तापले की त्यांना वाटलं आता केस जळतील. साहेबांनी ते लाल कान पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "तुम्हीसुद्धा घाबरलात ना?" ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी फोन उचलला.

आठ दिवस गेले, काही झालं नाही. सैन्य टेकडीकडे गेलं नाही. मिस्त्रींच्या जिवात जीव आला. आयुष्यातली पहिली थाप पचली, असं त्यांना वाटायला लागलं, बायकोशी ते दोनदा विनाकारण गोड बोलले, तेव्हा ती संशयाने म्हणाली, "काय मोडलंत?"

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी पुन्हा फोटो पुढे केला. "मिस्त्री, मानलं तुम्हाला. तेव्हा मला जरा शंका होती. पण आता पाहा, किती स्वच्छ दिसतंय."

मिस्त्रींनी पाहिलं. तीच टेकडी. लाकडी तोफा एका कडेला ढकललेल्या, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या. प्रत्येकीच्या मागे चिखलात काळ्या, खोल चाकोऱ्या, अगदी रस्त्यापर्यंत. या मात्र कोणत्याही मिस्त्रीच्या नव्हत्या.

 आपण खऱ्या म्हटलं आणि त्या खऱ्या झाल्या, हे कसं? "साहेब," त्यांनी विचारलं, "मधल्या दिवसांत आपण काय केलं?"

"ते मला सांगता येत नाही," साहेब म्हणाले. या वेळी त्यांनी चहा मागवला नाही.

शनिवारी मिस्त्री अर्ध्या दिवसाने घरी आले, तोच फोन वाजला. शाळेतून बबी बोलत होती. मागे मधल्या सुट्टीचा कल्ला चालू होता.

"बाबा, या वेळी तुम्ही कमाल केलीत हं!"

"काय केलं मी?"

"बास झालं, माझ्यापासून लपवता? नव्या तोफा आल्यात ना तुमच्या. काय थाट! वर ताडपत्र्या, चहूबाजूंनी तार, आणि पहाऱ्याला सैनिक. मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. मी त्यातल्या एकाला म्हटलं, अहो, मला माहितेय सगळं, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, पट्ठ्याला नाटकातच घ्यायला हवा. आधी वाटलं या वेगळ्या असतील. पण ताडपत्रीतून नळी बाहेर आलीय ना, तिच्यावर पट्टी आहे. मग काय, निर्धास्त."

मिस्त्रींनी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"आणि जड किती केल्यात हो! पुलाजवळचा रस्ता खचला. आत रेती भरलीत की काय?"

"बबे," मिस्त्रींनी विचारलं, "चाकं रुतलीत का?"

"रुतलीत म्हणजे! केवढ्या चाकोऱ्या पडल्यात."

"किती खोल?"

"वीतभर तरी असतील. मुलांचा चेंडू गेला परवा एकीत, तर दिसेना. का हो?"

मिस्त्रींना आता सगळं कळलं, आणि कळून काहीच उपयोग नव्हता. त्यांच्या एका शब्दाने इकडच्या खऱ्या तोफा शाळेच्या दारात आल्या होत्या. त्या पाहून तिकडच्या खऱ्या तोफा टेकडीवर आल्या होत्या. आणि त्या दोन्हींच्या मध्ये, बापाच्या पट्टीवर विसंबून, त्यांची पोर हसत उभी होती.

"बाबा? ऐकताय ना?"

"त्या माझ्या नाहीत," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"त्या तोफा माझ्या नाहीत, बबे. मी बनवलेल्या नाहीत त्या. माझ्या तोफेची चाकं रुतत नाहीत."

 पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि चपला पळत गेल्याचा. लांबून तिची हाक ऐकू आली, "आत या! चेंडू राहू दे तिथेच! सगळे आधी आत या!" कल्ला हळूहळू थांबला. दाराशी उभी राहून ती मुलं मोजत होती, मोठ्याने, एकेक करून आत घेत. मिस्त्री रिसीव्हर कानाला घट्ट लावून तिच्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजू लागले. एकोणीस. वीस. मध्ये ती थांबली की तेही थांबत. चाळीस झाल्यावर दार लागलं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

बायको हात पुसत बाहेर आली. "काय म्हणतेय? येतेय का आता?"

"येईल," मिस्त्री म्हणाले.

बायकोने त्यांच्या कानांकडे पाहिलं.